बांधावरची जागा

माझ्या गरोदरपणाची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली, आणि ती खोटी होती.

यातली गंमत अशी, की दुसऱ्या बायकांच्या अशा बातम्या सगळ्यांत आधी मलाच कळतात. भोरमध्ये एका खाजगी लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासायचं काम करते. समोरच्या बाकावर एखादी नवी सून ओढणीचं टोक पिळत बसलेली असते, शेजारी नवरा मोबाईलमध्ये काहीतरी बघतोय असं दाखवत असतो, आणि त्यांच्या घरात पाळणा हलणार की नाही हे मला त्यांच्या आधी ठाऊक असतं. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, एवढं मी या नोकरीत पक्कं शिकले. घरी मात्र माझ्या तोंडावर सगळं दिसतं, असं आमचे मिस्टर म्हणतात.

माझं माहेर भोरचं. सासर वेल्हे तालुक्यात, मार्गासनी सोडून विंझरकडे निघालं की वाटेत लागते त्या वाडीत. शेत भाताचं. मिस्टर शिरवळच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहेत, आणि हे ‘आहेत’ म्हणताना मी आजही जरा थांबते. कारण ते ठेकेदाराकडून. अकरा महिने काम, मग ब्रेक, मग ठेकेदाराची मर्जी असली तर परत अकरा महिने. कंपनीचा निळा शर्ट सगळ्यांना सारखाच मिळतो. फक्त कायम झालेल्या माणसाच्या खिशावर त्याचं नाव दोऱ्याने भरलेलं असतं. आमच्या मिस्टरांचा खिसा कोरा. मी तो शर्ट धुवायचे, वाळत घालायचे, इस्त्री करायचे, आणि दर वेळी माझा हात त्या कोऱ्या खिशावर थांबायचा.

लग्नानंतर लगेचच आमचं ठरलं होतं, की खिशावर नाव आलं की मग मूल. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि ते हो म्हणाले. ते बहुतेक गोष्टींना हो म्हणतात. मनात काय आहे ते निराळं, ते काढायला विहिरीत गळ टाकून बसावं लागतं.

हा नियम मी उगाच केला नव्हता. माझे वडील भोरमध्ये एका दुकानाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. मी तिसरीत असताना ते दुकान बंद पडलं, आणि पुढचं वर्षभर वडिलांना धड काम मिळालं नाही. आम्ही उपाशी राहिलो असं मी म्हणणार नाही, आईला ते ऐकून वाईट वाटेल. पण चहातलं दूध गेलं, आमटीत डाळ शोधावी लागायला लागली, आणि मी एक वाक्य बोलायला शिकले, ‘मला भूक नाही.’ कुणी शिकवलं नव्हतं. टोपलीत भाकरी किती उरल्यात हे मला दिसायचं, आणि तोंडातून आपोआप यायचं. आई ‘बरं’ म्हणायची आणि माझ्या वाटची भाकरी धाकट्या भावाच्या ताटात जायची. तिला खरं ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. मोठी झाल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं, की माझ्या मुलाच्या तोंडी हे वाक्य येता कामा नये. त्यासाठी मूलच नसलं तरी चालेल.

चालेल असं मी म्हणत होते. लॅबमध्ये एखादी पोरगी हातात रिपोर्ट घेऊन रडत हसायला लागली की मी आत जाऊन उगाच काचेच्या नळ्या धूत बसायचे.

वाडीने पहिली दोन वर्षं विचारलं, ‘काय, गोड बातमी कधी?’ मी सांगायचे, ‘हे कायम झाले की.’ मग विचारणं बंद झालं. विचारतात तेव्हा राग येतो, आणि विचारायचे थांबतात तेव्हा जास्त लागतं. सासूबाईंनी मात्र एकदाही विषय काढला नाही. त्यांना मी आत्या म्हणते. बोलणं कमी, काम जास्त, आणि मनासारखं झालं नाही की तांदूळ निवडायला बसणार, निवडलेले असले तरी.

त्या वर्षी मी लावणीसाठी लॅबमधून सुट्टी घेतली होती. आमच्याकडे भाताची लावणी मजूर लावून होत नाही, सावडीने होते. म्हणजे आळीतल्या सगळ्या घरांनी मिळून आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, परवा तिसऱ्याच्या. ज्या घराची लावणी, त्या घरचं जेवण. कोण किती दिवस आलं, कोण यायचं राहिलं, हे कुठे लिहून ठेवत नाहीत. ते शेजारच्या थोरल्या काकींच्या डोक्यात असतं, आणि काकींच्या डोक्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. मी भोरच्या बाजारपेठेत वाढलेली. भात ताटात येतो त्याच्या अलीकडचं मला फारसं माहीत नव्हतं. लग्नानंतर चिखलात उतरायला शिकले, पण माझी ओळ साप गेल्यासारखी वाकडी जाते, आणि बाकीच्या बायका त्यावर पोट धरून हसतात.

लावणीच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये पाण्याचा भरलेला जार उचलताना माझी कंबर धरली. सकाळी वाकताच येईना. सावडीत पहिल्याच दिवशी अंग काढलं तर काय म्हणतील, आणि आत्यांना कळलं तर त्या माझ्या वाटचंही काम स्वतःच्या अंगावर घेतील, याची मला धास्ती. म्हणून मी काकींना बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, “काकी, मला आज वाकायला जमायचं नाही. पण आत्यांना एवढ्यात काही सांगू नका.”

काकींनी माझ्याकडे एकवार खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. काकींचा चेहरा मऊ झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

“बरं बाई,” त्या म्हणाल्या. “तू तकडं बांधावर बस. जुड्या बांध. आन उठायचं न्हाई, सांगून ठिवते.”

बायका रोपं उपटून देत होत्या, आणि मी बांधावर पाटावर बसून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, त्यांच्या जुड्या बांधत होते. बरं काम होतं. भोरच्या या शहाण्या पोरीला एकच गोष्ट माहीत नव्हती. आमच्या सावडीत बांधावरची ती जागा म्हाताऱ्या बाईची, नाहीतर पोटुशी बाईची. तिसऱ्या कुणाची नाही. मी म्हातारी नव्हते. म्हणजे त्या दिवशी खाचरात वाकलेल्या प्रत्येक बाईने मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि न बोलता सगळं समजून घेतलं. वर मीच सांगून ठेवलं होतं, की आत्यांना सांगू नका.

पुढचे दिवस मला वाटलं, की माणसं एकाएकी माझ्याशी फारच चांगली वागायला लागलीत. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून माझ्यासाठी वेगळा डबा यायचा. एकीने आवळ्याचं लोणचं आणलं. जिच्याशी माझं पाण्याच्या नळावरून वर्षभर वाकडं होतं, तिने चिंचेची गोळी हातावर ठेवली आणि म्हणाली, “लागंल तवा चघळ.” मला वाटलं, कंबरेवर चिंचेचा उपाय असेल. खेड्यातलं औषध म्हणून मी निमूट चघळली. काहीही फरक पडला नाही.

सुट्टी संपून मी भोरला जायला निघाले तर एसटीत वाडीतल्या एका बाप्याने उठून मला खिडकीची जागा दिली. संध्याकाळी परतताना मार्गासनीच्या फळवाल्याकडे पपई उचलली, तर त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. “ही तुमाला न्हाई, ताई. केळी घ्या.” मी म्हटलं, “पैसे देतेय की मी!” तर म्हणे, “पैशाचं न्हाई वो. मागनं आमच्यावर बोल नको.” मी चिडून केळीही न घेता आले. पपईवाल्याने पपई विकायला नकार द्यावा, असा काळ आला म्हणून घरी येऊन मी पुष्कळ बडबड केली. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मला वाटलं, त्या हसल्या.

मिस्टरांना ही बातमी मार्गासनीच्या चहाच्या टपरीवर कळली. पहिली पाळी सुटून येताना ते तिथे थांबतात. त्या दिवशी टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

मी मागच्या अंगणात कपडे काढत होते. गाडी लावून ते थेट मागे आले, हेल्मेट अजून हातात. माझ्यासमोर उभे राहिले.

“काय झालं?” मी विचारलं. म्हटलं, ब्रेक दिला वाटतं.

“मला का न्हाई सांगितलंस?” ते म्हणाले. “सगळ्या गावाला म्हाईत, आन मला टपरीवर कळायचं व्हय?”

बोलणं तक्रारीचं होतं, पण चेहरा तक्रारीचा नव्हता. तो चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. लग्नात नाही, पहिल्या पगारात नाही, कधीच नाही. लहान पोराला जत्रेत पाळणा दिसावा तसे डोळे झाले होते. हा माणूस चार वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्याला ‘बरोबर हाय तुझं’ म्हणत आला होता, आणि मी धरून चालले होते, की त्याला माझ्याइतकीच घाई नाही.

मी त्यांना सांगितलं. जार, कंबर, काकी, बांध, सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा परत रोजचा झालेला मी पाहिला. ते म्हणाले, “बरं झालं. आपलं ठरलंयच की.” आणि हेल्मेट खुंटीला अडकवायला आत गेले.

मला इतकं वाईट वाटलं, की वाळलेला निळा शर्ट हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. चूक कुणाची नव्हती. पण जे आपल्याकडे कधी नव्हतंच, ते मी त्या माणसाच्या हातातून काढून घेतलं असं वाटत होतं.

मग आत्यांना सांगायला गेले. त्या चुलीपाशी होत्या. म्हटलं, “आत्या, लोक म्हणतात तसं काही नाही. माझी नुसती कंबर धरलीय.”

आत्यांनी हातातली फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मग आधी सांगायचं की गं. वीट तापवून शेक दिला आस्ता.” आणि खरंच वीट चुलीत सारून फडक्यात गुंडाळून माझ्या कंबरेला धरून बसल्या. मी पालथी पडून रडले. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, वीट गार झाली की नवीन आणली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, लॅबला सुट्टी. सावड काकींच्याच खाचरात होती. मी तडक बांधावर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, की मी पोटुशी नाही, मला कुणी खास डबे आणू नका, आणि फळवाल्यालाही कुणीतरी सांगा.

वाकलेल्या सगळ्या बायका रोपं हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग नळावरची भांडणवाली आधी हसली, आणि पाठोपाठ सगळ्या. एक तर चिखलात बसलीच. “आन माजी चिंच गं?” नळावरची ओरडली. “माजी चिंच फुकट गेली की!”

काकी मात्र हसल्या नाहीत. त्या चिडल्या. चिखलाचे हात कंबरेवर ठेवून म्हणाल्या, “आसं कसं न्हाई? आमी सगळं वाटून घेतलंय. म्होरल्या लावणीला तुज्या वाटचं दिस कोन करनार, भोरला दवाखान्यात तुज्यासंगं कोन ऱ्हानार, तुजी आत्या तकडं आली तर हितं म्हशीची धार कोन काढनार, समदं ठरलंय. ह्या बायांना एका बोलन्यावर आनता आनता माजं तोंड दुखलं. आता ते समदं परत मोडू?”

“पण काकी, ह्यांची नोकरी कायम नाही अजून.”

“ती व्हईल तवा व्हईल,” काकी म्हणाल्या. “आमी काय नोकरी वाटून न्हाई घेतली. तुजं दिस वाटून घेतल्यात. आता ठरलंय ते ठरलंय, मी परत बसनार न्हाई. काय करायचं ते तुमी दोगं बगा.” आणि त्या परत लावणीला वाकल्या. त्यांच्या दृष्टीने चर्चा संपली होती. मी त्यांच्या नियोजनात खोडा घातला होता, आणि तो निस्तरायची जबाबदारी माझी होती.

मला हसूही आलं आणि रडूही. सावडीने दवाखान्याचं बिल भरलं जात नाही, हे मला कळत होतं. उद्या शाळा, कॉलेज, त्याला काकींच्या डोक्यातला हिशोब पुरणार नाही, हेही कळत होतं. मी काही एका दुपारीत भोळी झाले नाही. पण इतकी वर्षं मी आमची ताकद मोजताना दोनच माणसं मोजत होते, एक कोऱ्या खिशाचा नवरा आणि एक मी. वडिलांचं काम गेलं त्या वर्षी माझ्या आईला विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही भाड्याच्या खोलीत होतो, आसपास सगळे आपापल्या दारामागे होते, आणि आईचा स्वभाव असा, की कुणाला कळू द्यायची नाही. भीती मी तिथून उचलली होती आणि जशीच्या तशी इथे घेऊन आले होते. इथे तर मला नुसती कंबर धरली तरी गावभर डबे फिरत होते.

त्या दिवशी मी बांधावरच बसून जुड्या बांधल्या. कंबर अजून दुखतच होती.

दुसऱ्या दिवशी मिस्टर कामावर निघताना मी गाडीपाशी गेले. त्यांनी नुकतीच किक मारली होती. म्हटलं, “अहो, तुम्ही कायम नाही झालात तर?”

“तर काय?”

“तर आपण म्हातारे होऊ, आणि बांधावर मी दुसऱ्या कारणाने बसेन.”

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, आणि माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “आज सुट्टी टाकू का?” मी म्हटलं, “काही नको, ठेकेदार आधीच टपलाय.” ते गेले. पण वळणावर त्यांनी उगाचच लांबलचक हॉर्न वाजवला. तिथे ना माणूस होता ना म्हैस.

पुढच्या लावणीला मी बांधावर हक्काने बसले. चिंच परत मिळाली, या वेळी उपयोगी पडली. पपईकडे मी बघितलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आधी आम्हाला मुलगी झाली. भोरच्या दवाखान्यात आळीपाळीने बायका येऊन राहिल्या, ठरल्याप्रमाणे, आणि जिची पाळी चुकली तिला काकींनी गावात तोंड वर काढू दिलं नाही.

सगळं सोपं झालं असं मात्र नाही. मुलगी रांगायला लागली तेव्हा कंपनीने ठेकेदार बदलला आणि मिस्टर कित्येक महिने घरी बसले. मी तोवर लॅबमध्ये परत जायला लागले होते, तेवढ्यावर घर चाललं. आम्ही भांडलो, चहातलं दूध मी पहिल्यांदा माझ्याच कपातून काढलं, आणि काही दिवस मला माझ्या निर्णयाचा खरोखर पश्चात्तापही झाला. हे लिहायला हवं. मग नव्या ठेकेदाराने त्यांना घेतलं. शर्ट बदलला, आता राखाडी आहे. खिसा अजून कोराच.

मुलगी आता अंगणवाडीत जाते. यंदाच्या लावणीत त्या दिवशी पाळी आमच्या खाचराची होती, म्हणजे जेवण आमचं. सकाळपासून आत्या आणि मी भाकऱ्या बडवत होतो. दुपारी सगळ्या बायका हातपाय धुऊन पडवीत बसल्या, ताटं वाढली, आणि मी मुलीला हाक मारली. ती आली, ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, मला भूक नाही.”

माझ्या हातातली पळी आमटीत पडली. तेच वाक्य, तसंच, मान जरा खाली घालून. तिसरीतली मी समोर उभी होते. मी टोपलीकडे बघितलं, भाकऱ्या भरपूर होत्या. मग हिने काय पाहिलं? काल आमचं पैशावरून बोलणं झालं ते ऐकलं का? मी तिला जवळ ओढलं, आणि हात तिच्या पोटावर ठेवला.

पोट टम्म होतं.

“काय खाल्लंस?” मी विचारलं.

“काकीआजीकडं भाकरी,” ती बोटांवर मोजत सांगायला लागली, “मग नळावरच्या मावशीकडं शिरा, मग तिकडं त्या बाळाच्या आजीकडं दूध, मग परत काकीआजीकडं.”

“पोरगी दारात आली तर घरातल्यांनी काय तशीच धाडायची व्हय?” काकी घास चावत म्हणाल्या.

मुलगी हात सोडवून पळाली. तिचं वाढलेलं ताट समोर तसंच होतं. मी खाली बसले आणि तिच्या वाटचं सगळं जेवले.